राजीनामा लिहून देऊ नका

आपल्याकडे नोकरीत असताना अपंग झालेल्या माणसाला सहसा कोणी काढून टाकत नाही. त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतात. काढायचं म्हटलं तर नोटीस द्यावी लागते, चौकशी बसवावी लागते, कारण लिहावं लागतं, आणि ते कारण उद्या कोर्टात वाचलं जाऊ शकतं. राजीनाम्याला यातलं काहीच लागत नाही. कोरा कागद, चहाचा कप आणि "तब्येत सांभाळा आता" एवढे तीन शब्द पुरतात.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. आमच्या वस्तीत याचा एक सरळ अर्थ होतो, तो म्हणजे सगळ्यांचे सरकारी अर्ज माझ्याकडे येतात. रेशनकार्ड, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, वीजबिलाची तक्रार. "मॅडमची मराठी चांगली आहे" म्हणून लोक संध्याकाळी येऊन बसतात आणि मी लिहून देते. गेल्या काही वर्षांत या अर्जांत एक नवा प्रकार आला आहे. लोक राजीनामे लिहून घ्यायला येतात, आणि ते येतात तेव्हा त्यांच्या अंगात काही ना काही बिघडलेलं असतं. कोणाची नजर गेलेली असते, कोणाचा हात, कोणाला पक्षाघात होऊन गेलेला असतो.

त्यातल्या एका सरांची गोष्ट सांगते. त्यांचं आणि त्यांच्या शाळेचं नाव लिहिणार नाही, कारण त्यांना अजून तिथेच काम करायचं आहे. अनुदानित उर्दू शाळा, विषय गणित, वय पन्नास, नोकरी चोवीस वर्षांची. काचबिंदूने दोन्ही बाजूंची नजर हळूहळू खाल्ली आणि आता समोरचं थोडंसं उरलं आहे, तेही धुरकट. निवृत्तीला आठ वर्षं बाकी, घराचं कर्ज बाकी, मुलगी बारावीत. ते बायकोला घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, राजीनामा लिहायचा आहे. भाषा जरा इज्जतीची असू द्या."

मी विचारलं, "कोणी मागितला?"

"मागितला असं नाही. चेअरमन साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, तुम्ही आमचेच आहात. मुलांची जबाबदारी असते, उद्या काही झालं तर संस्थेवर बोट येईल. सन्मानाने निघालात तर आम्ही मोठा निरोप समारंभ करू."

"लेखी काही दिलं?"

"नाही."

"मग आज आपणही लेखी काही देऊ नये," मी म्हटलं.

या प्रसंगात कोणी वाईट बोललं नव्हतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. चेअरमन साहेब भले गृहस्थ असतील. पण सर राजीनामा लिहायला निघाले होते ते आपल्याला काही हक्क आहे हे माहीत नव्हतं म्हणून, आणि संस्थेनेही त्यांना ते सांगितलं नव्हतं म्हणून. हक्क आहे, आणि तो बराच पक्का आहे. तो नेमका काय आहे ते इथे मांडते, कारण असे सर प्रत्येक वस्तीत आहेत. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या, त्यातल्या 29 लाखांहून जास्त आपल्या महाराष्ट्रातल्या. यातले पुष्कळ जण जन्मापासून अपंग नाहीत. कमावत्या वयात आजाराने किंवा अपघाताने झालेले आहेत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 साली झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याचं कलम 20, पोटकलम 4, हे प्रत्येक नोकरदाराने पाठ करावं असं आहे. साध्या मराठीत ते असं सांगतं : नोकरीत असताना ज्याला अपंगत्व आलं, त्याला शासकीय आस्थापनेला काढता येणार नाही आणि त्याचा दर्जाही कमी करता येणार नाही. आधीचं काम त्याला जमत नसेल तर तीच वेतनश्रेणी आणि तेच सेवेचे फायदे ठेवून दुसऱ्या पदावर न्यायचं. तसं पद कुठेच नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचं वय होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंत, अधिसंख्य पदावर ठेवता येतं. अधिसंख्य पद म्हणजे मंजूर पदांच्या वर, त्या माणसासाठी निर्माण केलेलं जादा पद. त्याच कलमाचं तिसरं पोटकलम सांगतं की केवळ अपंगत्वामुळे कोणाची बढती अडवता येणार नाही.

"शासकीय आस्थापना" म्हटल्यावर सर म्हणाले, "पण आमची तर खासगी संस्था, ट्रस्ट." इथेच बहुतेक जण फसतात. कायद्यातली व्याख्या वाचली तर तिच्यात सरकारी खाती, महामंडळं, महापालिका आणि जिल्हा परिषदा तर आहेतच, पण सरकारच्या मालकीच्या, नियंत्रणाखालच्या किंवा सरकारचं अनुदान घेणाऱ्या संस्थाही आहेत. सरांचा पगार शासनाच्या अनुदानातून येतो. म्हणजे शाळा ट्रस्टची असली तरी या कलमापुरती ती शासकीय आस्थापनेत मोडते.

आणखी एक गैरसमज चाळीस टक्क्यांचा आहे. आरक्षण आणि काही सवलतींसाठी किमान 40 टक्के अपंगत्वाची अट आहे, हे खरं. पण कलम 20(4) मध्ये ती अट लिहिलेली नाही. तिथे फक्त सेवेत असताना अपंगत्व आलेला कर्मचारी असा उल्लेख आहे. प्रमाणपत्र काढूच नये असा याचा अर्थ नाही. ससूनमधून ते काढून घ्यावं, यूडीआयडी कार्डही करून घ्यावं. पण 35 टक्के आले म्हणून हातपाय गाळू नयेत.

हे संरक्षण 2016 मध्ये पहिल्यांदा आलं असंही नाही. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याचं कलम 47 जवळजवळ हेच सांगत होतं आणि तो कायदा फेब्रुवारी 1996 पासून लागू होता. म्हणजे पाव शतकाहून जास्त काळ हा हक्क कागदावर आहे आणि तो खरा की खोटा हे लोकांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन तपासून घेतलेलं आहे.

कुणाल सिंग हे निमलष्करी दलात शिपाई होते. कर्तव्यावर असताना पायाला दुखापत झाली, पाय कापावा लागला, आणि 1998 मध्ये त्यांना वैद्यकीय कारणावरून घरी पाठवलं गेलं. उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने दिला. सरकारचं एक म्हणणं असं होतं की यांना वैद्यकीय कारणावरून मिळणारं पेन्शन तर मिळतंच आहे. न्यायालयाने ते मानलं नाही. पेन्शन दिलं म्हणून नोकरीचा हक्क संपत नाही.

दुसरा खटला भगवान दास यांचा, आणि मी राजीनाम्यावर एवढा भर का देते ते यातून कळेल. पंजाब राज्य वीज मंडळात ते सहायक लाइनमन होते. नोकरीत असताना दोन्ही डोळे गेले. अंध माणूस खांबावर कसा चढणार, हे त्यांनाही पटलं आणि मंडळालाही. त्यांनी स्वतःच अर्ज दिला की मला निवृत्त करा आणि माझ्या बायकोला नोकरी द्या. मंडळाने निवृत्ती मंजूर केली. बायकोला नोकरी मिळाली नाही. पुढे त्यांना कायदा कळला, ते भांडले, उच्च न्यायालयात हरले. जानेवारी 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा अर्ज एका अशा माणसाने दिला आहे ज्याला आपला हक्कच माहीत नव्हता. त्याला तो समजावून सांगणं हे अधिकाऱ्यांचं काम होतं. त्यांनी ते केलं नाही, आणि त्या अर्जाच्या आधारावर त्याची नोकरी संपवता येणार नाही.

भगवान दास जिंकले. पण ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले म्हणून जिंकले. किती जण पोहोचतात? त्यांचा तो एक अर्ज नसता तर इतकी वर्षं न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या का, हा प्रश्न मी सरांना विचारला. त्यांच्या बायकोने पर्समधून काढलेला कोरा कागद परत आत ठेवला.

शिक्षकांसाठी यात आणखी एक मुद्दा आहे, पैशाचा. सर 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेले, म्हणजे जुन्या पेन्शनमधले. राज्याच्या 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांत राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजीनामा दिला की मागची सेवा पेन्शनसाठी धरली जात नाही, हा सर्वसाधारण नियम. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झालेल्या माणसाला स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि तिच्यात पेन्शन शाबूत राहतं. म्हणजे सर "इज्जतीच्या भाषेत" जो कागद लिहायला आले होते, त्याने आठ वर्षांचा पगार तर गेलाच असता, वर चोवीस वर्षांच्या नोकरीचं पेन्शनही धोक्यात आलं असतं. "राजीनामा" आणि "निवृत्ती" हे शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो. सेवापुस्तिकेत ते एक नाहीत.

आपल्या राज्यात खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा सेवाशर्तींचा कायदा आहे. त्याच्या कलम 7 मध्ये राजीनामा कसा द्यायचा ते लिहिलं आहे. दोन प्रती काढायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत संस्थेला रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. राजीनाम्यासारख्या साध्या गोष्टीसाठी विधिमंडळाला इतका तपशील का लिहावासा वाटला असेल? कारण उघड आहे. त्या काळातही कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या जात होत्या. पोस्टात जाऊन पावती घेणारा माणूस निदान एकदा विचार करतो. तरीही नोकरीवरून कमी केलंच, तर कलम 9 प्रमाणे 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. न्यायाधिकरण माणसाला परत कामावर घ्यायला आणि मागचा पगार द्यायला सांगू शकतं. हा कायदा विनाअनुदानित मान्यताप्राप्त शाळांनाही लागू आहे.

आमच्याकडे एक वाक्य वरचेवर ऐकू येतं : "आपली शाळा अल्पसंख्याक आहे, आपल्याला हे कायदे लागत नाहीत." या कायद्यात अल्पसंख्याक शाळांना सूट आहे, पण ती फार थोडी आहे. मुख्याध्यापकाची नेमणूक, आणि संस्थेने ज्यांची नावं संचालकांना कळवली आहेत असे जास्तीत जास्त तीन कर्मचारी, एवढ्यापुरतीच. बाकीच्या शिक्षकांना, शिपायांना, कारकुनांना पूर्ण संरक्षण आहे. अल्पसंख्याक दर्जा समाजाच्या मुलांना शिकता यावं म्हणून आहे. त्याच समाजाच्या मास्तरला घरी बसवण्यासाठी तो वापरणं मला पटत नाही.

संस्थेची बाजूही खोटी नाही. मी त्या शाळेच्या एका विश्वस्तांशी बोलले. त्यांचा प्रश्न होता, "संचमान्यतेत आम्हाला एवढीच पदं मिळाली आहेत. पटसंख्या घटते आहे. अधिसंख्य पद आम्ही कुठून आणू?" खरं आहे. अनुदानित शाळेला स्वतःच्या मर्जीने पद निर्माण करता येत नाही. शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे प्रस्ताव पाठवावा लागेल, फाईल फिरेल, त्रास होईल. पण फाईल अवघड आहे म्हणून हक्क रद्द होत नाही. आणि अधिसंख्य पद हा शेवटचा उपाय आहे. त्याच्या आधीचा प्रश्न असा की आहे त्याच पदावर, थोडी सोय करून, हे काम होऊ शकतं का?

कायद्यात याला वाजवी सोय म्हणतात. समोरच्यावर अवाजवी भार न टाकता केलेले आवश्यक आणि योग्य बदल. शासकीय आस्थापनेवर ती सोय करण्याचं बंधन आहे, आणि केंद्राच्या 2017 च्या नियमांप्रमाणे तिचा खर्च कर्मचाऱ्याकडून घेता येत नाही.

आम्ही सरांबरोबर बसून यादी केली. त्यांचे वर्ग दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणायचे. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं, बाकीचं एका विद्यार्थ्याला वाचायला लावायचं. तसंही गणिताच्या तासाला मुलांनी मोठ्याने पायऱ्या सांगणं चांगलंच. पेपर तपासणी दुसऱ्या शिक्षकाने करायची, त्याबदल्यात सरांनी त्याचे मोकळे तास आणि तोंडी परीक्षा घ्यायच्या. मोबाइलमधला टॉकबॅक वापरून परिपत्रकं ऐकायची. घरोघर फिरण्याचं मतदार यादीचं काम त्यांना द्यायचं नाही. या सगळ्याचा खर्च काढला तर खडूच्या एका पेटीएवढा.

हे लिहिताना मला हजरत अब्दुल्ला इब्ने उम्मे मक्तूम आठवत होते. ते अंध होते आणि मदिनेच्या मशिदीत अजान द्यायचे. एक अजान हजरत बिलाल पहाट होण्याआधी देत, आणि फजरची इब्ने उम्मे मक्तूम. अंध माणसाला पहाट झाली हे कसं कळायचं? लोक त्यांना सांगायचे की सकाळ झाली, मग ते अजान द्यायचे. ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो, बहुतेक वेळा रोजाच्या वेळेच्या संदर्भात. तिच्यात दुसरीही एक गोष्ट आहे. ज्या कामाला नजर लागते ते काम नजर नसलेल्या माणसाकडे होतं, आणि उरलेली उणीव शेजारी उभा असलेला माणूस भरून काढत होता. त्यांना कोणी सब्र करून घरी बसायला सांगितलं नाही. आपण मात्र अपंग झालेल्या माणसाला पहिला सल्ला सब्रचाच देतो. सब्र आजारावर करावा. पगार बंद करणाऱ्या कागदावर सही करणं म्हणजे सब्र नव्हे.

आता या कायद्याची मोठी उणीव. माझ्याकडे आलेला दुसरा एक जण पंचवीस वर्षांचा मुलगा. चाकणकडच्या एका लहान कारखान्यात ठेकेदारामार्फत पॉवर प्रेसवर होता. प्रेसखाली उजव्या हाताची तीन बोटं गेली. दवाखान्याचा खर्च झाला, आणि जखम भरल्यावर ठेकेदार म्हणाला, "आता तुला काय काम देऊ?" त्याच्यासाठी मी कलम 20(4) काढू शकले नाही, कारण ते पोटकलम फक्त शासकीय आस्थापनांना लागू आहे. खासगी कंपनीतला कामगार त्याच्या बाहेर आहे. 1995 मध्ये होता, 2016 मध्येही राहिला. पुण्यासारख्या शहरात, जिथे आपली बहुतेक मुलं भोसरी, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत आणि खराडी, हिंजवडीच्या कंपन्यांत ठेक्यावर आहेत, तिथे ही फट फार रुंद आहे. बोटांची भरपाई कायद्याने मिळते, ती घ्यायलाच हवी. पण भरपाई एकदा मिळते, भूक रोज लागते.

तरी खासगीतला माणूस अगदी उघड्यावर नाही. कलम 3 सगळ्यांसाठी आहे. अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. केला तर तो एका रास्त उद्दिष्टासाठी आणि त्याच्या प्रमाणातच होता, हे दाखवावं लागतं. कलम 21 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं आहे. नियमांप्रमाणे वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेच्या प्रमुखाकडे भेदभावाची तक्रार गेली, तर त्याने एक तर कारवाई करायची, नाही तर आपलं वागणं रास्त कसं होतं ते तक्रारदाराला लेखी कळवायचं. "लेखी" हा शब्द इथे कामाचा आहे. तोंडी "उद्यापासून येऊ नकोस" म्हणणाऱ्याला लेखी उत्तर द्यायची वेळ आली की त्याचा आवाज बदलतो.

न्यायालयंही या बाजूने थोडी थोडी सरकत आली आहेत. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका रोजंदारी कामगाराचा खटला आला होता. सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपनीने वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही निघाला म्हणून त्याचं काम बंद केलं होतं. नाव गुप्त ठेवून त्याला खटला लढवू दिला गेला. न्यायालय म्हणालं की माणूस ते काम करू शकतो का आणि त्याच्यापासून इतरांना खरोखर धोका आहे का, हे त्या त्या माणसापुरतं तपासा. नुसत्या आजाराच्या नावावरून काढू नका. त्याला कामावर घ्यायचा आणि बुडालेल्या मजुरीचे 40 हजार रुपये द्यायचा आदेश झाला. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या रवींदर कुमार धारीवाल यांच्या खटल्यात हेच संरक्षण मानसिक आजारापर्यंत नेलं. आणि ऑगस्ट 2025 मध्ये तेलंगणाच्या एसटी महामंडळातल्या एका ड्रायव्हरला, ज्याला रंगांधळेपणामुळे घरी पाठवलं होतं, योग्य पदावर परत घ्यायला सांगितलं आणि थकबाकीचा 25 टक्के भागही द्यायला लावला. दुसरं काम देता येतं का हे महामंडळाने नीट शोधलंच नव्हतं.

मानसिक आजाराचा विषय निघालाच आहे तर गुजरातच्या एका प्राथमिक शिक्षिकेचं सांगायला हवं. आजारपणात गीताबेन पटेल यांची नोकरी गेली. त्या अपंग आयुक्तांकडे गेल्या. आयुक्तांनी परत घ्यायला सांगितलं. उच्च न्यायालय म्हणालं, आयुक्तांना हा अधिकारच नाही. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढलं. अशी तक्रार ऐकण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. आपल्या राज्याचं आयुक्तालय मुंबईत नाही, आपल्या पुण्यातच आहे. तिथे वकील लागत नाही, साधा अर्ज चालतो. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं, आणि शिफारस मानायची नसेल तर कारण द्यायचं असतं. कोल्हापूर-नांदेडच्या माणसाला त्यासाठी प्रवास करावा लागतो. आपल्याला एक बस पुरते. तरी आपल्यातले किती जण तिथे जाऊन आले आहेत?

सरांचं पुढे काय झालं ते सांगते. आम्ही राजीनाम्याऐवजी अर्ज लिहिला. सहा ओळींचा होता. मजकूर देते, ज्याला लागेल त्याने घ्यावा :

"मी आपल्या शाळेत अमुक तारखेपासून सेवेत आहे. सेवेत असताना मला दृष्टीचे अपंगत्व आले आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. मी सेवा सुरू ठेवू इच्छितो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 20 नुसार मला खालील सोयी मिळाव्यात. याबाबतचा निर्णय मला लेखी कळवावा, ही विनंती."

खाली ती सोयींची यादी. एक प्रत संस्थेला, एक शिक्षणाधिकाऱ्यांना. दोन्हींवर आवक क्रमांक आणि तारीख घेतली. चौथ्या वाक्याकडे लक्ष द्या. नोकरी सोडायची नाही हे आपल्या हाताने लिहिलेलं असलं की उद्या कोणी "ते स्वतःहूनच गेले" असं म्हणू शकत नाही.

दोन महिने उत्तर आलं नाही. शाळेत काही जण त्यांच्याशी बोलेनासे झाले. समाजातली भांडणं सरकारदरबारी नेली म्हणून मलाही ऐकवून झालं. मग एक दिवस वेळापत्रक बदललेलं दिसलं. सरांचे चारही वर्ग तळमजल्यावर आले होते. लेखी आदेश त्यानंतर आणखी महिन्याने आला. मुलांना फारसा फरक पडलेला नाही. उलट तोंडी गणितात त्यांचा वर्ग पुढे आहे असं तिथले सहकारीच सांगतात.

प्रश्न मात्र संपलेला नाही. पुढच्या वर्षी पर्यवेक्षकाचं पद रिकामं होतंय आणि सेवाज्येष्ठतेत सर पहिले आहेत. "डोळ्यांनी दिसत नाही, देखरेख कशी करणार" ही कुजबुज आत्ताच सुरू झाली आहे. कायद्याचं उत्तर वर लिहिलं आहे, तिसऱ्या पोटकलमात. संस्थेचं उत्तर काय येतं ते बघायचं आहे. त्याही वेळी ते लेखीच मागायचं, एवढं सरांचं आणि माझं ठरलं आहे.

हे वाचणाऱ्यांत संस्थाचालक असतील, मुख्याध्यापक असतील, ठेकेदारही असतील. त्यांना एवढंच सांगणं आहे. तुमचा माणूस आजारी पडून तुमच्यासमोर बसतो तेव्हा कायदा काय म्हणतो ते त्याला आधी तुम्हीच सांगा. ते तुमचं कामच आहे, भगवान दास यांच्या निकालात न्यायालयाने तेच सांगितलं. आणि जे त्या खुर्चीत समोर बसलेले असतील त्यांनी सही करायची घाई करू नये. "घरी विचारून सांगतो" म्हणावं आणि उठावं. दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र, सेवापुस्तिकेची झेरॉक्स आणि नेमणुकीचा आदेश एका फाईलमध्ये लावावा. अर्जाचं मराठी मी लिहून देईन.